चंद्राचं अंतर

दोन बाकांमधलं अंतर मी सुतळीनं मोजत होतो आणि इनामदार बाई दारात उभ्या राहून हसत होत्या.

"तारळेकर सर," त्या म्हणाल्या, "मुलं परीक्षेला येणारेत. तुम्ही प्लॉट पाडल्यासारखं काय करताय?"

मी म्हणालो, साडेचार फूट म्हणजे साडेचार फूट. एवढ्या अंतरावरून पुढच्याचं अक्षर घारीलासुद्धा दिसता कामा नये. बाई कन्याशाळेतून निवृत्त झालेल्या, वयानं मोठ्या आणि स्पर्धेत माझ्या जोडीच्या परीक्षक. त्यामुळे मी त्यांचं हसणं चालवून घेत असे. दुसरं कुणी हसलं असतं तर सुतळीचं एक टोक त्याच्या हातात देऊन त्याला कामाला लावलं असतं.

हे एकोणऐंशी सालच्या जानेवारीतलं. वाळखेडच्या सार्वजनिक वाचनालयाची तालुका पातळीवरची लेखी सामान्यज्ञान स्पर्धा तेव्हा तालुक्यात गाजलेली होती, आणि ती माझ्यामुळे गाजली होती असं मला वाटे. मी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवायचो आणि वाचनालयाचा मानद चिटणीस होतो. माझ्या आधी या स्पर्धेचं नुसतं हसं झालं होतं. ज्याचा काका कार्यकारिणीत त्याच्या पुतण्याला बक्षीस, असा सरळ हिशेब. मी सूत्रं हातात घेतली आणि अकरा नियम केले. एका शाळेची मुलं शेजारी-शेजारी किंवा मागे-पुढे बसवायची नाहीत. उत्तरपत्रिकेवर फक्त क्रमांक, नाव वरच्या कोपऱ्यात, आणि तो कोपरा दुमडून डिंकानं चिकटवायचा. सगळे गुण लावून झाल्याशिवाय एकही कोपरा उघडायचा नाही. नववा नियम असा की नक्कल आढळली तर तेवढं उत्तर नव्हे, अख्खी उत्तरपत्रिका बाद.

तपासायची माझी रीतही वेगळी होती. एक पत्रिका घेतली आणि पहिल्यापासून शंभराव्या प्रश्नापर्यंत तपासत गेलो, असं नाही. पहिला प्रश्न सगळ्या पत्रिकांचा, मग दुसरा सगळ्यांचा, मग तिसरा. सकाळी माणूस सढळ असतो, दुपारी जेवणानंतर आळसावतो, संध्याकाळी चिडतो. माझ्या रीतीत तो आळस आणि ती चीड सगळ्या मुलांच्या वाट्याला सारखी येई. याला वेळ चौपट लागायचा. पण मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू. वाचनालयाच्या वरच्या खोलीत एकशे बारा उत्तरपत्रिका सतरंजीवर ओळीनं मांडून गुडघ्यांवर सरकत तपासणारा मी आणि खुर्चीवर बसून बेरजा करणाऱ्या बाई, असं आमचं तीन-चार दिवस चाले.

त्या वर्षी चौसष्टाव्या प्रश्नापाशी मी थांबलो. प्रश्न होता, पृथ्वीपासून चंद्राचं सरासरी अंतर किती किलोमीटर? उत्तर, तीन लक्ष चौऱ्याऐंशी हजार चारशे. निम्म्या मुलांनी जागा कोरी सोडली होती, काहींनी मनाला येईल तो आकडा ठोकून दिला होता, पंधरा-वीस जणांचं बरोबर होतं. शेहेचाळीस क्रमांकाच्या पत्रिकेवर होतं ३,४८,४००. आठ आणि चार यांची अदलाबदल झालेली. मी चुकीची खूण केली आणि पुढे सरकलो. सत्तेचाळीस क्रमांकावर होतं ३,४८,४००.

मी बाईंना हाक मारली.

बरोबर उत्तरं दोघांची जुळतात, त्यात नवल नाही. खरं उत्तर एकच असतं. चुका मात्र ज्याच्या त्याच्या असतात. नेमकी एकच चूक, तेच दोन आकडे उलटलेले, आणि आसन शेहेचाळीसच्या पाठोपाठ सत्तेचाळीस! बसण्याचा आराखडा मीच काढला होता. सत्तेचाळीस बरोबर शेहेचाळीसच्या मागे होता.

बाई चष्मा लावून दोन्ही पत्रिका पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. मग म्हणाल्या की बाकीच्या चुका तर वेगळ्या आहेत. शेहेचाळीसला जे आलं नाही ते सत्तेचाळीसनं तीन-चार ठिकाणी बरोबर लिहिलंय. मी म्हणालो, साहजिक आहे, जे स्वतःला येत नव्हतं तेवढंच पुढच्याचं बघितलं.

"साडेचार फुटांवरून?" त्यांनी विचारलं.

"मुलं घारीपेक्षा तेज असतात," मी म्हणालो. त्या वेळी हे उत्तर मला फार समर्पक वाटलं होतं.

शंभर प्रश्न संपले, बेरजा झाल्या. सत्तेचाळीसला त्र्याण्णव गुण होते, शेहेचाळीसला एक्याण्णव. म्हणजे पहिला आणि दुसरा. मग आम्ही कोपरे उघडले. शेहेचाळीस क्रमांक शिरीष कोटणीस, बँकेच्या मॅनेजरांचा मुलगा. सत्तेचाळीस क्रमांक मालन साळुंखे, नगरपालिकेची शाळा, इयत्ता सातवी.

बाईंनी कपाळाला हात लावला. मालनला त्या ओळखत होत्या. वाचनालयाच्या मागेच बुरूड आळी. मालनची आई हौसाबाई वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीशी सुपं-टोपल्या मांडून बसायची; जाता-येता मीही तिला पाहत असे, पण तिला एवढी मोठी मुलगी आहे हे मला माहीत नव्हतं. नगरपालिकेची शाळा सातवीपर्यंतच. पुढे हायस्कूल. आणि मालनच्या बापानं सांगून ठेवलं होतं की पोरगी उन्हाळ्यापासून बांबू सोलायला बसेल. बाईंनी दिवाळीत त्याच्या दारात जाऊन तासभर हुज्जत घातली होती, तेव्हा तो एवढ्यावर आला होता की तालुक्याच्या परीक्षेत पोरीचा पहिला नंबर आला तर आठवीला घालीन. एक तर पहिला, नाहीतर बांबू.

"हे मला सांगू नका बाई," मी म्हणालो. "हे कळू नये म्हणून तर आपण नावं झाकतो."

"पण आता कळलंय ना?"

"कळलं तरी न कळल्यासारखं वागायचं, यालाच नियम म्हणतात."

बाईंनी मग एकच मागणी केली. दोन्ही मुलांना बोलावून विचारा, फक्त मुलीला नको. मी ती मान्य केली नाही. पुढचा मुलगा मागे वळला असता तर पर्यवेक्षकांना दिसलं असतं. मागच्यानं मान उंचावली तर दिसत नाही. आता पहिला ठरणाऱ्या मुलाला विनाकारण संशयानं विचारायचं, हा त्याच्यावर अन्याय. हे मी अगदी मनापासून म्हणालो. त्या सबंध प्रकरणात मी फारसं काही मनाविरुद्ध केलं नाही, हीच तर रड आहे.

बुधवारी शाळा सुटल्यावर मालन आली. बारीक चणीची, केसांना घट्ट लाल फीत, हातांच्या बोटांवर बांबूच्या कुसळांचे ओरखडे. तिला वाटत होतं तिला बक्षिसाचं सांगायला बोलावलंय. दारातून आत येताना ती हसत होती. मी तिच्यापुढे उत्तरपत्रिका ठेवली, चौसष्टाव्या उत्तरावर बोट ठेवलं आणि विचारलं, हा आकडा कुठून आणलास?

तिनं आकड्याकडे बघितलं. "फळ्यावर वाचला व्हता, सर."

"कुठल्या फळ्यावर?"

मी पुन्हा विचारलं, शाळेच्या फळ्यावर का? तिनं मान हलवली, पण ती हो की नाही ते कळलं नाही. मी जरा आवाज चढवला. म्हणालो, हा आकडा चुकीचा आहे, कुणीही गुरुजी फळ्यावर असा लिहिणार नाहीत, तू पुढच्या मुलाचा बघितलास हे खरं ना? मग तर तिनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. बाई मधे पडल्या, मालन, घाबरू नकोस, कुठल्या फळ्यावर ते सांग. मुलीनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बाईंकडे, आणि पुन्हा खाली बघत पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी नगरपालिकेच्या शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना भेटलो. ते म्हणाले, चंद्राचं अंतर आम्ही कधीच शिकवलं नाही, फळ्यावर लिहायचा प्रश्नच नाही. चौकशी पूर्ण झाली होती. बाईंनी निकालावर सही केली, पण सही करताना त्यांनी माझं पेन घेतलं नाही, आपल्या पिशवीतून स्वतःचं काढलं.

शुक्रवारी वाचनालयाच्या सूचनाफलकावर निकाल लागला. प्रथम क्रमांक शिरीष कोटणीस. आणि खाली, नियमाप्रमाणे, आसन क्रमांक सत्तेचाळीस गैरप्रकारामुळे बाद. मी नाव लिहिलं नव्हतं. नाव न लिहिण्यात माझा मोठेपणा होता असं मला वाटलं होतं. सत्तेचाळीस कोण हे संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला माहीत झालं.

शनिवारी संध्याकाळी कोटणीस साहेब शिरीषला घेऊन वाचनालयात आले. ते रोजच सकाळी पेपर वाचायला यायचे, मुलगा बरोबर असायचा. त्या दिवशी मात्र दोघं मुद्दाम मला भेटायला आले होते. साहेबांनी पेढे दिले. मुलगा चुणचुणीत होता, मोठ्यांशी बरोबरीनं बोलायची सवय असलेला. मी त्याची थोडी गंमत करावी म्हणून म्हणालो, सगळं छान जमलं, पण चंद्र फारच जवळ ओढलास की रे, छत्तीस हजार किलोमीटर!

"मी नाही ओढला, सर. तुम्हीच ओढलात," तो म्हणाला.

कोटणीस साहेब त्याला दटावू लागले. मी हसतच विचारलं, म्हणजे काय?

"म्हणजे तुमच्याच फळ्यावर होतं. दिवाळीच्या सुट्टीत. मी तेव्हाच बाबांना म्हटलं की आमच्या पुस्तकात वेगळं आहे, तर बाबा म्हणाले, तारळेकर सर लिहितात म्हणजे तेच बरोबर असणार."

इथे फळ्याविषयी सांगायला हवं. वाचनालयाच्या दाराबाहेर मी एक फळा लावला होता. त्यावर रोज सकाळी 'आजची माहिती' म्हणून चार ओळी लिहायचो. एखादा शोध, एखाद्या नदीची लांबी, एखादा आकडा. आधी एका जाड वहीत तारीख घालून मजकूर लिहायचा, पुस्तकांवरून पडताळायचा, मग वही हातात धरून फळ्यावर उतरवायचा. गावात असताना सहा वर्षांत एक दिवस खाडा नव्हता. रस्त्यानं जाणारे कितपत वाचत ते माहीत नव्हतं. मला वाटायचं, कुणीच वाचत नाही, तरी आपण लिहायचं.

कोटणीस मंडळी गेल्यावर मी ती वही काढली. नोव्हेंबरची नऊ तारीख. चंद्राचं पृथ्वीपासून सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. स्वच्छ, ठसठशीत, माझ्या अक्षरात. मला हायसं वाटलं. म्हणजे पोरगा चुकला, नीट वाचलं नाही आणि खापर माझ्यावर फोडतोय. मी वही मिटली. मग पुन्हा उघडली. नऊ नोव्हेंबरच्या खाली, समासात, मी बारीक अक्षरात लिहिलं होतं : सातची एसटी, भाचीचं लग्न. त्या सकाळी मी खांद्याला पिशवी अडकवून, अर्ध्या अंधारात, घाईघाईनं फळा लिहिला होता, हे मला आठवलं. लिहिल्यावर रोज मी दोन पावलं मागे जाऊन सगळं एकदा वाचत असे. त्या दिवशी वाचलं होतं की नाही ते काही आठवेना. लग्नाहून तीन दिवसांनी परतलो, तोवर फळा पुसलेला होता.

तरी मी मनाला समजावलं. एका मुलाच्या बोलण्यावर काय विसंबायचं? आणि मुलगी म्हणाली 'फळ्यावर', पण कुठल्या ते म्हणाली नव्हती. मला जे ऐकायचं नव्हतं ते मी ऐकत नव्हतो, इतकंच.

रविवारी संध्याकाळी बक्षीस समारंभ होता. सकाळी मी वाचनालयात खुर्च्या मोजत असताना हौसाबाई आत आली. ती सहा वर्षं भिंतीबाहेर बसत होती, पण आत कधी आली नव्हती. उंबऱ्यापाशी चपला काढल्या, देवळात काढतात तशा. मागे मालन, छातीशी एक वही धरून.

"सर, यक डाव बगा म्हनलं," हौसाबाई म्हणाली. "पोरगी म्हनती म्या बगून लिवलं न्हाई. तीन दीस झालं, जेवली न्हाई नीट. तिच्या बापानं तर इशय सोडला. म्हनला, चोरी करूनबी नंबर आला न्हाई, आता बस बांबूवर. म्या म्हनलं सरास्नी इचारते. सर वंगाळ करायचं न्हाईत."

मी मालनकडे हात केला. तिनं वही दिली. दुरेघी वही, तिला खाकी कागदाचं कव्हर. आत पेन्सिलनं, अगदी एकसारख्या अक्षरात, रोजची तारीख आणि त्याखाली चार ओळी. वर प्रत्येक पानावर 'आजची माहिती, सार्वजनिक वाचनालय'. मी पानं उलटत गेलो. ते माझं लिखाण होतं. सकाळी शाळेत जायच्या आधी आईच्या टोपल्या मांडून द्यायच्या आणि फळ्यासमोर उभं राहून उतरवून घ्यायचं, असं ती जवळजवळ वर्षभर करत होती. मी लिहिलेला एकही दिवस गाळलेला नव्हता. माझी विरामचिन्हंसुद्धा जशीच्या तशी. एका ठिकाणी पावसाच्या सरीनं फळ्याची शेवटची ओळ पुसली गेली होती, तिथे तिनं प्रामाणिकपणे टिंबं काढून ठेवली होती.

सहा वर्षं मी म्हणत होतो, कुणीच वाचत नाही.

नऊ नोव्हेंबरचं पान आलं. ३,४८,४००.

सगळं कळायला त्यापेक्षा जास्त काही लागत नव्हतं. दोन मुलं, दोन वेगवेगळ्या घरची, एकमेकांशी कधी बोलली नसतील अशी, आणि एकच चूक. ती चूक जिथून दोघांनी घेतली ती जागा एकच होती. आणि 'कुठल्या फळ्यावर' या माझ्या प्रश्नाला तिनं उत्तर का दिलं नाही तेही तेव्हा कळलं. शिरीषनं हसत हसत तोंडावर सांगितलं होतं, तुम्हीच चुकलात. या मुलीच्या घरी सरांना असं सांगायची रीत नव्हती. सरांची चूक दाखवण्यापेक्षा चोर ठरलेलं तिला बरं वाटलं होतं.

मी काय करायला हवं होतं ते मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं. समारंभाला अजून सात तास होते. निकाल बदलायचा, फलकावर आपली चूक लिहायची, कोटणीस साहेबांच्या घरी जायचं, बुरूड आळीत जायचं. त्यातलं काहीच अवघड नव्हतं. पण त्याच वेळी मला प्रमाणपत्रावरचं शिरीषचं नाव दिसत होतं, जिल्ह्याहून निघालेले पाहुणे दिसत होते, आणि कार्यकारिणीतले ते काका लोक, माझ्या अकरा नियमांवर सहा वर्षं दात धरून असलेले, त्यांचे चेहरे दिसत होते. तारळेकरांनी स्वतःच चुकीचं लिहिलं आणि पोरीला चोर ठरवलं, असं ते चौकाचौकात सांगतील. स्पर्धा पुन्हा त्यांच्या हातात जाईल. मी स्वतःला सांगितलं की मी स्पर्धेसाठी गप्प बसतोय. हे खरं नव्हतं. मला माझी लाज वाचवायची होती.

पुढचं आधी सांगून टाकतो. संध्याकाळी समारंभ झाला. पाहुण्यांनी स्पर्धेच्या निःपक्षपातीपणाचं तोंड भरून कौतुक केलं आणि मी पहिल्या रांगेत हात जोडून उभा राहिलो. पुढच्या वर्षी इनामदार बाईंनी गुडघेदुखीचं कारण सांगून परीक्षकाचं काम सोडलं. मी काही त्यांना खरं सांगितलं नव्हतं, पण त्यांनी विचारलंही नाही. जूनमध्ये मी हायस्कूलच्या आठवीच्या तिन्ही तुकड्यांचे हजेरीपट मागवून घेतले. मालन साळुंखे हे नाव त्यात नव्हतं. ती भिंतीशी आईच्या शेजारी बसायची, कोयत्यानं बांबूच्या कांब्या काढायची. मी रोज सकाळी तिच्यापासून दहा पावलांवर फळा लिहीत असे, आणि लिहिल्यावर दोनदा वाचत असे. तिनं पुन्हा कधी मान वर करून फळ्याकडे बघितलं नाही. तीन वर्षांनी तिचं लग्न होऊन ती कराडकडे गेली. स्पर्धा मी पुढे बावीस वर्षं चालवली, आणि त्या बावीस वर्षांत एकाही मुलाची पत्रिका नववा नियम लावून बाद केली नाही. लोकांना वाटलं, आता मुलं नक्कल करत नाहीत.

पण हे सगळं नंतरचं. मला विचाराल तर जे व्हायचं ते त्या सकाळीच झालं होतं, आणि ते मी अजून सांगितलेलं नाही.

मी मालनची वही हातात धरून उभा होतो. हौसाबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी टेबलाचा खण उघडला, माझी जाड वही काढली, नऊ नोव्हेंबरचं पान उघडलं आणि दोघींच्या पुढे ठेवलं.

"हे बघा हौसाबाई," मी म्हणालो. "फळ्यावर जे लिहितो त्याची ही नोंद. आमच्या नोंदीत आकडा बरोबर आहे."

त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

हौसाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं मुलीला पुढे ढकललं. "वाच गं, काय लिवलंय सरांच्यात."

मालननं बोट ठेवून वाचलं, "तीन लक्ष चौऱ्याऐंशी हजार चारशे."

"आन तुझ्यात?"

"तीन लक्ष अठ्ठेचाळीस हजार चारशे."

हौसाबाई मुलीकडे वळली. मला वाटलं, ती मुलीला मारणार. मारलं असतं तर कदाचित माझ्या तोंडून खरं बाहेर पडलं असतं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण तिनं मारलं नाही. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मग काय व्हय. सर कशाला खोटं लिवत्याल. चल."

मालन हलली नाही. ती माझ्या वहीतल्या पानाकडे बघत होती, मग आपल्या पानाकडे, पुन्हा माझ्या. तिच्या कपाळाला आठी पडली होती. त्या सकाळी तिनं स्वतःच्या डोळ्यांनी काय बघितलं होतं ते ती आठवून बघत होती, हे मला दिसत होतं. वर्षभर एक टिंब इकडचं तिकडे न केलेली मुलगी ती. आणि समोर सरांच्या अक्षरात दुसराच आकडा. मी तेव्हा एक शब्द बोललो असतो तरी पुरे होतं. मी तिच्या डोळ्यांना डोळा देण्याऐवजी खुर्च्यांच्या रांगेकडे बघत राहिलो.

मग ती हळूच म्हणाली, "माझंच उतरवताना चुकलं असंल, सर."

मी हाताशी असलेली एक खुर्ची सरळ केली.

"खोडरबर हाय का, सर?"

टेबलावर होता. मी दिला. तिनं वही टेबलाच्या कडेला ठेवली, डाव्या हातानं पान घट्ट धरलं आणि तो आकडा खोडला. कागद फाटू नये म्हणून अगदी हलक्या हातानं. फुंकर मारून कचरा उडवला, आणि फ्रॉकच्या खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढून, माझ्या वहीत बघून, एकेक आकडा जपून उतरवला. पहिल्यांदाच ती खरोखर कुणाचं तरी बघून लिहीत होती.

लिहून झाल्यावर तिनं वही दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"आता बरोबर हाय का, सर?"

"बरोबर," मी म्हणालो.